इंग्रजी यमकांचे कोडे : वाचकांच्या शंका आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात या सदरात इंग्रजी बालगीतांच्या मराठी रूपांतराविषयी थोडे लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये रूपांतराचा विषय बाजूला राहिला आणि बहुतेकांनी इंग्रजी यमकांवरच प्रश्न विचारले. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. स्नेहसंमेलनासाठी मुलांनी लिहिलेल्या एका इंग्रजी कवितेत 'डॉक्टर', 'सिस्टर' आणि 'कम्प्यूटर' अशी यमके होती. मला ती बिनचूक वाटली. परंतु परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी ही यमकेच नव्हेत, असे सांगितले. दुसऱ्या एका कवितेतील 'लव्ह' आणि 'मूव्ह' ही जोडी मात्र त्यांनी चालवून घेतली. हा कोणता न्याय? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : परीक्षकांचा पहिला निर्णय योग्य आहे आणि दुसऱ्यात त्यांनी परंपरेने चालत आलेली एक सवलत दिली आहे. त्यांनी दोन्हींची कारणे मुलांना सांगितली असती, तर आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते.

मराठी कान यमक शोधतो तो शब्दाच्या शेवटी. चरणाच्या अखेरीचे एक-दोन वर्ण जुळले की आपले समाधान होते, कारण मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर पडतो यावरून अर्थ बदलत नाही आणि त्यामुळे तो जोर आपण ऐकतही नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक अनेकाक्षरी शब्दात एका अक्षरावर ठळक आघात असतो, आणि यमकाची मोजणी तेथून सुरू होते. शेवटच्या आघातयुक्त अक्षरातील स्वर आणि त्याच्यानंतर शब्दाच्या अंतापर्यंत येणारा प्रत्येक ध्वनी हुबेहूब जुळला पाहिजे, आणि त्या स्वराच्या आधीचे व्यंजन मात्र वेगळे असले पाहिजे, हा तेथील पूर्ण यमकाचा नियम आहे. 'डॉक्टर'मध्ये आघात 'डॉक्'वर आहे. म्हणून तेथे 'ऑक्टर' एवढा तुकडा जुळावा लागतो आणि तो जुळतो 'प्रॉक्टर'शी. 'सिस्टर'ला 'मिस्टर' आणि 'ब्लिस्टर' लागतात. 'कम्प्यूटर'मधील आघात मधल्या अक्षरावर असल्याने त्याचे सोयरे आहेत 'स्कूटर', 'शूटर' आणि 'ट्यूटर'. आपल्या विद्यार्थ्यांनी जुळवलेला 'टर' हा तुकडा इंग्रजी माणूस इतका पुसट उच्चारतो की त्याच्या कानाला तेथे जुळणी झाल्याचे जाणवतच नाही.

आघाताचे महत्त्व मुलांना दाखवायचे असेल, तर 'प्रेझेंट' हा एकच शब्द फळ्यावर लिहावा. भेटवस्तू किंवा वर्तमानकाळ या अर्थी त्याचा आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि तो 'प्लेझंट'शी तंतोतंत जुळतो. 'सादर करणे' या अर्थाचे क्रियापद झाले की आघात शेवटी जातो, आणि मग त्याला 'टेंट', 'रेंट', 'वेंट' चालतात, 'प्लेझंट' अजिबात चालत नाही. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक नाही.

आधीचे व्यंजन वेगळे असावे ही अट आपल्याला विचित्र वाटेल. 'लीव्ह' आणि 'बिलीव्ह' या जोडीत आघाताचे अक्षर दोन्हीकडे 'लीव्ह' हेच असल्याने इंग्रज वाचक तिला यमक न म्हणता पुनरुक्ती म्हणेल. गंमत अशी की संस्कृत काव्यशास्त्रात यमक म्हणतात ते नेमके यालाच : तेच वर्ण त्याच क्रमाने, पण वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. त्या शास्त्राच्या काटेकोर भाषेत इंग्रजी 'राइम' हा अंत्यानुप्रास ठरेल. अर्थात आज मराठीत चरणान्तीच्या कोणत्याही जुळणीला यमक म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि त्याविरुद्ध भांडण्यात अर्थ नाही. चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरलाही अशी अर्थ बदलून येणारी पुनरुक्ती वर्ज्य नव्हती.

आता 'लव्ह' आणि 'मूव्ह'. स्पेलिंगमध्ये दोन्हींच्या शेवटी 'ओ-व्ही-ई' आहे, म्हणून डोळ्याला ते जुळल्यासारखे दिसतात. कानाला जुळत नाहीत. ही सवलत रूढ होण्याचे कारण साधे आहे. कवितेत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या या शब्दाला इंग्रजीत नेहमीच्या वापरातली खरी यमके चारच मिळतात : 'डव्ह', 'ग्लव्ह', 'शव्ह' आणि 'अबव्ह'. पारवा, हातमोजा, धक्का आणि वरचे आकाश एवढ्या सामग्रीवर किती प्रेमकविता लिहाव्यात? म्हणून 'मूव्ह' आणि 'प्रूव्ह' यांना दार उघडे ठेवले गेले. १६०९ मध्ये छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी ११६ वे सुनीत 'प्रूव्ह्ड' आणि 'लव्ह्ड' याच जोडीवर संपते. मात्र त्या काळी या दोन शब्दांचे स्वर आजच्यापेक्षा परस्परांच्या बरेच जवळ होते, असे जुन्या उच्चारांचे अभ्यासक मानतात. म्हणजे पूर्वजांनी कानाने जुळवलेले यमक उच्चार बदलल्यावर फक्त डोळ्यापुरते उरले. याचा आणखी ठळक पुरावा अलेक्झांडर पोप याच्याकडे आहे. १७१४ च्या त्याच्या दीर्घकाव्यात 'ओबे' या शब्दाला 'टी', म्हणजे चहा, जोडलेला आढळतो, कारण त्या काळी तो शब्द 'टे' असाही उच्चारला जाई.

मुलांसाठी एक घरगुती कसोटी सुचवतो. शंका आली की दोन्ही इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहावेत. 'ब्लड', 'गुड' आणि 'फूड' या तिन्हींच्या स्पेलिंगचा शेवट एकच आहे, परंतु देवनागरीत लिहिताच तीन वेगळी घराणी दिसू लागतात : 'ब्लड–फ्लड', 'गुड–वुड–हुड' आणि 'फूड–मूड'. उच्चाराप्रमाणे लिहिण्याची आपली सवय येथे इंग्रज मुलांना नसलेला फायदा देते. ही कसोटी दोन ठिकाणी गळते, हेही सांगून ठेवावे. एक, देवनागरी आघात दाखवत नाही. दुसरे, 'व' या एकाच अक्षरात आपण इंग्रजीचे दोन ध्वनी बसवतो, त्यामुळे बंडी या अर्थाचा 'वेस्ट' आणि पश्चिम दिशा या अर्थाचा 'वेस्ट' आपल्याला एकच शब्द वाटतात, जेव्हा की इंग्रजीत ते उत्तम यमक आहे.

प्रश्न : 'ऑरेंज' या शब्दाला इंग्रजीत यमकच नाही, असे माझा नातू सांगतो. हे खरे की शाळेतली दंतकथा? (एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

उत्तर : रोजच्या वापरातल्या शब्दांपुरते बोलायचे तर खरे आहे. हट्टच धरला तर वेल्समध्ये ॲबरगॅव्हेनीजवळ 'ब्लॉरेंज' नावाचा डोंगर आहे, आणि वनस्पतिशास्त्रात बीजाणू ज्या पिशवीत तयार होतात तिच्यासाठी 'स्पोरँज' असा एक आडवळणाचा शब्द आहे. 'सिल्व्हर'ला 'चिल्व्हर' म्हणजे मेंढीचे मादी कोकरू, आणि 'पर्पल'ला 'हर्पल' म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत लंगडत चालणे. परंतु असे शब्द वापरणारा कवी कोशातून शब्द उचलताना वाचकाला रंगेहाथ सापडतो. 'मन्थ'ची स्थिती याहून बिकट आहे. त्याला गणितातले 'एन-प्लस-वन्थ' तेवढे जुळते, आणि ते कवितेत घालून दाखवणाऱ्याला आमचा नमस्कार.

आपल्या नातवाला एक गोष्ट मात्र अवश्य सांगा. 'ऑरेंज' हा शब्द मूळचा आपल्याकडचाच आहे. संस्कृत 'नारंग' फारसी आणि अरबीतून युरोपात गेला, स्पेनमध्ये 'नारान्हा' झाला आणि पुढे फ्रेंचमध्ये त्याचा आरंभीचा 'न' गळाला. आपल्याकडे राहिलेल्या 'नारंगी'ला 'सारंगी' आहे, 'फिरंगी' आहे, 'बहुरंगी' आहे. प्रवासाला निघालेल्या शब्दाने वाटेत 'न'ही गमावला आणि यमकेही.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि इंग्रजीत रॅप लिहितो. त्याने 'होम'ला 'अलोन' जोडले, तेव्हा मी चूक दाखवली. तो म्हणाला, "बाबा, हे निअर राइम आहे, हल्ली असेच चालते." ज्याला यमक जमत नाही त्याची ही पळवाट नव्हे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपल्या चिरंजीवांची बाजू बळकट आहे. 'हल्ली' हा शब्द तेवढा चुकला, कारण ही गोष्ट हल्लीची नाही.

प्रथम 'होम–अलोन' का शोभते ते पाहू. दोन्हींत आघात 'ओ'वर आहे आणि तो स्वर नेमका तोच आहे. फरक आहे शेवटच्या व्यंजनात : एकीकडे 'म', दुसरीकडे 'न'. आता शाळेत पाठ केलेला वर्णमालेचा तक्ता आठवावा. 'म' आणि 'न' हे दोन्ही आपापल्या वर्गाच्या शेवटच्या रकान्यात बसलेले अनुनासिक आहेत. ओठ मिटतात की जीभ दाताला लागते एवढाच त्यांच्यात भेद, बाकी दोन्हींचा नाद नाकातूनच येतो. हा तक्ता म्हणजे इंग्रजी निकट-यमकांची तयार कुंडली आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. उभ्या रकान्यातले शेजारी एकमेकांच्या जागी बसू शकतात. म्हणून 'टाइम–लाइन' चालते आणि 'बॅक–कॅप–हॅट' हे त्रिकूटही चालते, कारण क, प आणि इंग्रजी ट हे तिन्ही अघोष (कंठ न थरथरता उच्चारले जाणारे) स्पर्शवर्ण आहेत. आडव्या ओळीतले अघोष आणि घोष भाऊही एकमेकांसाठी उभे राहतात : 'सेट–ब्रेड', 'कप–क्लब'. तक्त्याबाहेरच्या घर्षक ध्वनींतही अशा जोड्या आहेत. 'लव्ह'ला 'इनफ' हे निकट-यमक 'मूव्ह'पेक्षा कानाला कितीतरी अधिक गोड लागते, कारण तेथे स्वर शाबूत राहतो आणि 'व्ह'च्या जागी त्याचाच अघोष भाऊ 'फ' येतो.

यातही तरतम आहे. अनुनासिकांची अदलाबदल गाताना जवळजवळ कळतच नाही. घोष-अघोषाची थोडी कळते, कारण इंग्रजीत घोष व्यंजनाच्या आधीचा स्वर लांबतो. भात या अर्थाचा 'राइस' झटकन संपतो, उठणे या अर्थाचा 'राइझ' रेंगाळतो. 'स' किंवा 'ल' यांना एखाद्या स्पर्शवर्णाशी जोडले, तर मात्र सांधा उघडा पडतो आणि तो झाकायला ठेका जोरकस असावा लागतो. रॅपमध्ये ठेका जोरकस असतोच. शिवाय तेथे एकेका शब्दाऐवजी ओळीतल्या लागोपाठच्या अक्षरांचे स्वर जुळवले जातात. एमिनेम या अमेरिकन रॅपरने २०१० मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत 'ऑरेंज'ला 'डोअर हिंज', 'स्टोरेज', 'पॉरिज' आणि 'जॉर्ज' यांच्याशी बांधून दाखवले होते. नागपूरच्या वाचकांच्या नातवाला हे बहुधा ठाऊक असेल.

आता पळवाटेचा प्रश्न. अमेरिकेची एमिली डिकिन्सन हिने १८६० च्या आसपास कविता लिहिल्या आणि तिच्या हयातीत त्यांतल्या मोजक्याच छापल्या गेल्या. 'सोल'ला 'ऑल' जोडणे ही तिची नेहमीची रीत होती. तिच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये पहिला संग्रह निघाला, तेव्हा संपादकांनी आपल्याप्रमाणेच 'चूक' दुरुस्त करायला घेतली आणि काही ठिकाणी ओळी बदलून यमके गुळगुळीत केली. तिच्या मूळ पाठाप्रमाणे समग्र कविता छापल्या जायला १९५५ साल उजाडले, आणि आज वाचक त्याच खडबडीत जोड्यांसाठी तिच्याकडे जातात. इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनने तर उलटा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर लिहिताना त्याने व्यंजने तीच ठेवली आणि स्वर बदलले : 'हॉल–हेल', 'ग्रॉइन्ड–ग्रोन्ड', 'एस्केप्ट–स्कूप्ट'. जुळणी होणार असे वाटता वाटता ती हुकते, आणि विषय मरणाचा असल्याने ते हुकणेच अर्थपूर्ण होते. युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी तो मारला गेला. त्याला पूर्ण यमक जमत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही.

मराठी गझल वाचणाऱ्यांना तर हे नवे वाटू नये. 'दिवा', 'कथा', 'वारा' यांत अखेरचा 'आ' तेवढा समान ठेवून चालवलेला स्वरकाफिया आपण मान्य केलेला आहे. आपण चिरंजीवांना एवढेच विचारावे की हे निकट-यमक त्याने निवडले की त्याच्या हाती लागले. 'होम'ला 'रोम', 'डोम', 'फोम' अशी सरळ यमके उपलब्ध असताना त्याने 'अलोन' घेतले असेल, तर तो अर्थाच्या मागे गेला आहे, आणि घर व एकटेपणा यांच्यापेक्षा रोम आणि फोम अधिक कवितेचे आहेत असे आम्हांला वाटत नाही.

प्रश्न : मी मुलाकडे न्यू जर्सीला असते. नातवासाठी इंग्रजी बडबडगीते रचते. पुण्याहून आणलेल्या जुन्या ब्रिटिश यमककोशात 'हॉर्स'पुढे 'सॉस' दिले होते, म्हणून मी घोड्याला सॉस खाऊ घातला. नातू म्हणतो, "आजी, हे राइम होत नाही." कोशावर विश्वास ठेवावा की सहा वर्षांच्या मुलावर? (एक आजी)

उत्तर : न्यू जर्सीत असेपर्यंत मुलावर. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरानंतरचा 'र' गळून जातो, म्हणून तेथे घोडा आणि सॉस बेमालूम जुळतात. आपल्या नातवाच्या भोवतालची बहुतेक माणसे तो 'र' स्पष्ट उच्चारतात, आणि खरे तर आपणही मराठी वळणाने तो उच्चारतच असाल. घोड्याला सॉस देताना आपण स्वतःच्या कानापेक्षा छापील पानाला मान दिला, एवढेच. इंग्लंडमध्येही हे यमक एके काळी प्रतिष्ठित नव्हते. कीट्सने 'थॉट्स' आणि 'सॉर्ट्स' यांची जोडी केली होती, आणि अशा जोड्यांना टीकाकार 'कॉकनी', म्हणजे लंडनच्या सामान्य लोकांच्या बोलीतल्या, म्हणून हिणवत असत.

असेच घोटाळे आणखी होतील. कारकुनाला इंग्लंडात 'क्लार्क' म्हणतात आणि तो 'डार्क', 'पार्क' यांच्याशी जुळतो. अमेरिकेत तो 'वर्क'च्या पंगतीला बसतो. मुळाक्षरांचे प्रसिद्ध गाणे १८३५ मध्ये बॉस्टनमध्ये छापले गेले, तेव्हा ते 'झी'वर संपते आणि 'मी'शी जुळते. आपण लहानपणी 'झेड' म्हणून ते नेमके शेवटच्या घटकेला मोडत होतो आणि त्याची कोणालाही खंत नव्हती. 'हम्प्टी डम्प्टी'मध्ये 'मेन'शी 'अगेन' जुळते. पुष्कळ इंग्रज त्याच शब्दाचा 'गेइन'सारखा दीर्घ उच्चार करून 'रेन'शी जुळवतात, आणि दोन्ही बरोबर आहेत. 'जॅक अँड जिल'मध्ये 'वॉटर' आणि 'आफ्टर' आजच्या उच्चारात कोठेच पुरते जुळत नाहीत, तरी कोणत्याही मुलाने आजवर त्याविरुद्ध तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

कोशांविषयी थोडे. जॉन वॉकरचा १७७५ चा यमककोश शब्दांच्या उलट्या स्पेलिंगप्रमाणे, म्हणजे शेवटच्या अक्षराकडून मागे, लावलेला होता; त्यामुळे त्यात 'लव्ह' आणि 'मूव्ह' शेजारी येतात. आजची संगणकीय साधने उच्चारावर चालतात. त्यांतली अनेक साधने पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या उच्चारकोशाचा आधार घेतात. त्यात १,३४,००० हून अधिक शब्द ३९ ध्वनींत मांडलेले आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे आघाताचा ०, १ किंवा २ असा अंक आहे. शेवटच्या आघातापासून पुढचा तुकडा कापायचा आणि तसाच तुकडा असलेले शब्द गोळा करायचे, एवढेच काम यंत्राला उरते. तो कोश अमेरिकन उच्चारांचा आहे, म्हणजे आपल्या नातवाच्या बाजूचा. घोड्यासाठी तो 'कोर्स' आणि 'फोर्स' देईल. खाण्याचा पदार्थ त्यात नाही, याबद्दल घोड्याची क्षमा मागावी.

प्रश्न : आमच्या घरी पुतण्याच्या वाढदिवसाला मराठी-इंग्रजी मिश्र पद्य वाचण्याची प्रथा आहे. यंदा मी 'केक–अनेक', 'फोन–कोण', 'ट्रेन–येईन' आणि 'पार्टी–आरती' अशा जोड्या केल्या आहेत. यांना कोणत्या भाषेचा नियम लावावा? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ओळ ज्या भाषेत श्वास घेते त्या भाषेचा, म्हणजे येथे मराठीचा. 'केक' आणि 'फोन' आता मराठी शब्दच आहेत. आपण ते मराठी स्वरांनी उच्चारतो. त्यामुळे 'केक–अनेक' पूर्ण यमक झाले आहे. 'फोन'ला 'दोन' अधिक घट्ट बसेल, परंतु 'न' आणि 'ण' एकाच रकान्यातले असल्याने 'कोण'ही ठेवायला हरकत नाही. शिवाय फोन वाजल्यावर माणूस 'कोण' असेच विचारतो. सातारच्या शिक्षिकांच्या विद्यार्थ्यांनी हे पद्य लिहिले असते, तर त्यांचा 'डॉक्टर' आणि 'सिस्टर' येथे 'उत्तर' आणि 'नंतर' यांच्या जोडीने सन्मानाने नांदला असता.

'ट्रेन–येईन' यात एका शब्दाचा स्वर ताणून दोन अक्षरांची भरपाई करावी लागते. बायरनने १८१९ मध्ये 'इंटलेक्च्युअल' या भारदस्त शब्दाला तीन-चार छोट्या शब्दांची मोळी बांधून यमक दिले होते आणि तेथे ओढाताण हाच विनोद होता. आपलेही पद्य हसण्यासाठीच असेल, तर 'ट्रे-ईन' असे ताणून वाचावे.

'पार्टी–आरती'मध्ये 'ट' आणि 'त' यांची अदलाबदल आहे, आणि कागदावर ती थोडी खटकते. परंतु आपण ती ओवाळताना म्हणणार असाल, तर त्या वेळी घरातली मुले टाळ्या वाजवत असतील, कोणीतरी मेणबत्त्यांवर फुंकर घालण्याची घाई करत असेल, आणि त्या गलबल्यात 'ट'चा 'त' झाला हे फक्त आपल्यालाच ठाऊक राहील.